साठ गड्ड्यांचं गणित

शनिवार, १९ ऑक्टोबर

आज वही विकत आणली. एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं, लाखभर तरी उत्तरपत्रिका तपासल्या असतील, पण स्वतःसाठी चार ओळी कधी खरडल्या नाहीत. आता लिहिणं भाग आहे, कारण घरात आणीबाणी आहे.

सकाळी आमच्या एकुलत्या एक चिरंजीवांचा, कांगूकचा, सेऊलहून फोन आला. आधी नेहमीचं. जेवलात का, थंडी पडली का. मग हळूच म्हणाला, "आई, यंदाचं किमजांग शेवटचं हं. तुझ्या खांद्याची काय अवस्था झालीय बघ. पुढच्या वर्षीपासून किमची विकतच घेऊ. सकाळी सांगितली की संध्याकाळी दारात येते."

ही म्हणाली, "बघू." बस, एवढंच! खांद्यावर गरम पिशवी ठेवून ही बाई 'बघू' म्हणते, आणि मला पायाखालची जमीन सरकल्यासारखं होतं.

कारण हिशेब सरळ आहे. शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला मंडळी यंदा समुद्रावर गेली. नव्या वर्षाला पोरांना ताप होता. राहता राहिलं खारवलेल्या कोबीला मसाला चोळून वर्षाची किमची घालायचं हे किमजांग. तेवढ्यासाठी का होईना, दोन दिवस येतात, डबे भरतात, जातात. किमची विकत मिळायला लागली तर या डोंगरात आमच्याकडे येऊन करायचंय काय? माझं तोंड बघायचंय? तोंड तर फोनमध्येही दिसतं.

मी मनाशी ठरवलं. यंदाची किमची अशी झाली पाहिजे की दुकानातली तोंडात धरवणार नाही. आणि हिच्या खांद्याला काडीचा त्रास होता कामा नये. म्हणजे सगळी सूत्रं माझ्या हातात हवीत.

सोमवार, २१ ऑक्टोबर

जेवताना हिला सांगितलं, "यंदा कोबी मी खारवणार."

हिने चमचा खाली ठेवला. "मास्तर, तुम्हाला भात लावता येत नाही."

"भाताचा इथे संबंध काय? खारवणं म्हणजे शुद्ध प्रमाण आहे. त्रैराशिक. तुम्ही बायका अंदाजपंचे मीठ टाकता आणि वर हाताची चव म्हणून मिरवता."

"बरं," म्हणाली, आणि पुन्हा चमचा उचलला. वादात मी जिंकलो की ही 'बरं' म्हणते. एकेचाळीस वर्षांत पुष्कळदा जिंकलोय.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

मळ्यातले साठ गड्डे कापून अंगणात रचले. कंबर धरली. हिला सांगितलं नाही. तिनेच न विचारता कमरेला पट्टी लावून दिली.

गणित तयार आहे. साठ गड्डे, गड्ड्यामागे एक भांडं जाडं मीठ, म्हणजे साठ भांडी. अर्धं पाण्यात विरघळवायचं, अर्धं पानांच्या बुडाशी भुरभुरायचं. तेरा तास. तीन पानं आकडेमोड केली आणि भिंतीवर चिकटवली. शेजारचा बोंग येऊन वाचून गेला. म्हणाला, "मास्तर, किमची घालताय की उपग्रह सोडताय?" अडाण्यापुढे काय बोलायचं!

शुक्रवार, १ नोव्हेंबर

आली! दुपारी दीडला गाडी अंगणात शिरली. सोदाम सात वर्षांची, शाळेतून रीतसर परवानगी काढून आलीय. हान्युल चार वर्षांचा. तो कुठूनच परवानगी काढत नाही. उतरल्या उतरल्या त्याने माझ्या पायांना मिठी मारली आणि नाक माझ्या पॅन्टला पुसलं. पॅन्ट धुवायला टाकलेली नाही. घाई नाही.

सूनबाई ह्येरिमने विचारलं, "बाबा, यंदा खारवणार तुम्ही? खरंच?" तिचा आवाज आदराने कापत होता.

हिने सगळ्यांसाठी बाजारातून फुलाफुलांच्या ढगळ विजारी आणल्या होत्या. कामाला बऱ्या. कांगूक मोठ्या कंपनीत मोठा साहेब आहे. जांभळ्या फुलांची विजार घालून उभा राहिला तर सोदाम हसून हसून जमिनीवर लोळली. तिने फोटो काढला आणि बापाच्याच फोनवरून कुणाला तरी पाठवला. तो त्याच्या ऑफिसच्या पंचवीस जणांना गेला. साहेब अर्धा तास फोन करकरून माफी मागत अंगणात फिरत होते, त्याच विजारीत.

मीही घातली. लाल फुलांची. आरशात बघितलं नाही.

मग काम सुरू. विटकरी रंगाचे तीन मोठे रबरी टप मांडले. मी पाटावर बसून गड्डे उभे चिरत होतो, कांगूक ते टपात रचत होता. मीठ घालायचं काम पोरांकडे दिलं, कारण मोजणी ही संस्कार करायची गोष्ट आहे. दोघांना एकेक भांडं दिलं. पोत्यातून भांडं भरलं की सोदामने भिंतीवर खडूने एक रेघ मारायची. साठ रेघा झाल्या की थांबायचं.

पोरगी फार शिस्तीची. माझ्यावर गेलीय. मध्येच मात्र एक मोठा गड्डा उचलून छातीशी धरून बसली.

"हिला कापायचं नाही. ही आमच्या मुख्याध्यापिका बाई आहे."

"अगं, कोबी आहे तो."

"तिचे केस बघा ना, आजोबा. अगदी तश्शीच."

बघितलं तर होते खरे तसेच. मुख्याध्यापिका बाईंना फडताळात बसवलं. एकोणसाठ राहिले.

हान्युल सारखा भांडं भरून अंगणाच्या टोकाला पळत होता. तिकडे त्याने गुडघ्याएवढा पांढरा शुभ्र डोंगर केला आणि त्यावरून त्याच्या प्लॅस्टिकच्या डायनासोरांना घसरत सोडलं. वाळू असावी. "आजोबा, बर्फ पडलं!" म्हणून ओरडला. मी म्हटलं, "वा, वा, पडू दे!" मुलांनी मातीत खेळावं अशा मताचा मी पहिल्यापासून आहे.

साठ रेघा बरोबर झाल्या. शेवटी हान्युल बुटांसकट टपात उतरला, "आंघोळ!" म्हणून. त्याला काढून झटकला. बुटातलं पाणी मी परत टपात ओतलं, कारण त्यात मीठ होतं आणि प्रमाण बिघडायला नको.

शनिवार, २ नोव्हेंबर

आजचा दिवस सोन्याचा. सविस्तर लिहितो.

सकाळी उजाडताच ही अंगणात गेली. मी खिडकीतून बघत होतो. हान्युलच्या त्या वाळूच्या डोंगरापाशी थांबली, वाकली आणि चिमूटभर वाळू जिभेला लावली! अडुसष्टाव्या वर्षी हिला मातीचे डोहाळे लागले की काय! मग भिंतीवरच्या साठ रेघांकडे बघत बराच वेळ उभी राहिली. मग टपातून एक पान उचललं आणि देठ वाकवला. कट्ट! काय खणखणीत आवाज झाला. मला इथवर ऐकू आला. इतका ताजा कोबी मी जन्मात ऐकला नाही.

तेवढ्यात पोरं उठून बाहेर आली आणि हिच्या दोन्ही हातांना लोंबकळली. खांदा दुखतोय म्हणते, पण सोडा म्हणाली नाही. दोघांकडे बघत राहिली. मी बाहेर गेलो तर माझ्याकडे वळून म्हणाली, "छान खारवलंत हो, मास्तर."

छान! एकेचाळीस वर्षांत हा शब्द हिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. लग्नात सुद्धा माझा नवा कोट बघून "ठीक आहे" म्हणाली होती. मी झाडू घेऊन आधीच झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं.

त्यानंतर आम्ही कोबी धुवायला घेतला आणि ही कुठेतरी पाच मिनिटं गायब झाली. काम असलं की बायका गायब होतात, पण आज मी काही बोललो नाही.

दहा वाजता मसाला. मुळ्याचा कीस, लाल तिखट, लसूण, आलं, खारवलेली कोळंबी, तांदळाची खळ. सगळे गोल करून बसलो, गुलाबी हातमोजे चढवले आणि पानापानाला मसाला चोळायला लागलो. हान्युलने पहिलं पान चोळलं, दुसरं पान चोळलं, मग बापाची पाठ चोळली. कांगूकला कळलंच नाही. दिवसभर पाठीवर दोन लाल पंजे घेऊन फिरत होता. कुणी सांगितलं नाही.

मध्येच ह्येरिमने एक पान तोडून चावलं आणि भुवया वर केल्या. "आई, हा जरा जास्तच कडक नाही का? खारवलेलं वाटतच ना..." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत हिने उकडलेल्या डुकराच्या मांसाचा एवढा मोठा तुकडा किमचीत गुंडाळून तिच्या तोंडात कोंबला. सुनेचे डोळे बाहेर आले. मग दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग ह्येरिम ठसका लागेपर्यंत हसली. सासू-सुना अशा हसतात तेव्हा घराला बरकत असते असं माझी आई म्हणायची.

एक अपघात घडला, तो लिहावा की नाही या विचारात आहे. माझ्या उजव्या हातमोज्याला भोक होतं. ते मला माहीत नव्हतं. मी लघवीला जाऊन आलो. यापुढचं लिहीत नाही. फक्त एवढंच की सोदामने आईला विचारलं, "आजोबा का नाचतायत?" आणि हान्युल माझ्यामागे तस्साच नाचायला लागला, अगदी हात कुठे धरायचे त्याच्यासकट. बोंग कुंपणापलीकडून टाळ्या वाजवत होता.

पोरांनी जेवताना तीनदा भात घेतला. सेऊलमध्ये हान्युल दोन घास खाऊन पळतो म्हणे. आज माझ्या मांडीवर बसून माझ्या ताटातलं जेवला. मसाल्याचं पान धुऊन भरवलं तर तोंड उघडून अजून मागत राहिला. माझा पाय बधिर झाला होता. हलवला नाही.

रविवार, ३ नोव्हेंबर

सकाळी डबे भरले. दहा मोठे डबे. गाडी मागून खाली बसली.

मी कांगूकला बाजूला घेऊन सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "दुकानातल्या किमचीला असा हात नसतो."

"खरंय हो, बाबा. पण आईचा खांदा बघितलात का? काल तिला फडताळ उघडता येत नव्हतं. ह्या वर्षी झालं ते झालं. आता तुम्ही दोघांनी आराम करायचा."

पोरगा आईच्या काळजीनेच बोलतोय. त्याला रागवायचं तरी कसं?

सोदामने गाडीची काच खाली केली. "आजोबा, परत कधी यायचं?"

मी म्हटलं, "तुझ्या बाबांना सवड होईल तेव्हा." आवाज नीट काढला. मुख्याध्यापिका बाईंना ती मांडीवर घेऊन गेली, पट्टा लावून.

गाडी वळणाआड गेल्यावर ही म्हणाली, "चला, आत या. वारा लागेल." मी म्हटलं, येतो. बराच वेळ गेलो नाही. काय सांगू, घर एकदम रिकामं होतं. दोन दिवस ज्या आवाजाने कान किटले, तो आता नव्हता. आता एकदम नव्या वर्षाच्या सणाला येतील कदाचित. कदाचित.

सोमवार, ४ नोव्हेंबर

विशेष काही नाही. फडताळात हान्युलचा एक मोजा सापडला. कोटाच्या खिशात ठेवला.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

सर्वनाश.

दुपारी ह्येरिमचा फोन. नशिबाने मीच उचलला. "बाबा, कसं सांगू तुम्हाला. किमचीला पाणी सुटलंय. डबे भरून वाहतायत. फ्रिजखाली लाल तळं झालंय. कोबी मुळी खारवलाच गेला नाही हो. अगदी जिवंत आहे. उठून परत शेतात जाईल असं वाटतंय." आणि पुढे तिला बोलवेना. फोनमध्ये नुसते हुंदके. खांदे गदगदत असणार बिचारीचे. मागून कांगूकचा आवाज येत होता, "अगं, त्यात हसण्यासारखं..." मग फोन कट झाला.

हुंदके ऐकून माझं काळीज पिळवटलं. गुणी मुलगी. नाहीतर आजकाल किमचीसाठी रडतं कोण?

आमचे डबे उघडून बघितले. इकडेही तेच. तळहातभर पाणी. देठ चावला तर कट्ट. म्हणजे तो आवाज... असो.

हिला सांगितलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. ही 'छान' म्हणाली होती. पुन्हा कधी म्हणणार?

बुधवार, ६ नोव्हेंबर

आकडेमोड पुन्हा तपासली. तीनदा. एक चूक नाही. साठ गड्ड्यांना साठ भांडी. उलट बाईंमुळे एक भांडं जास्तच पडलं. सोदामच्या रेघा मोजल्या, त्याही साठ. मीठच जुनं असणार. किंवा यंदा कोबीत पाणी जास्त. किंवा बोंगची नजर लागली.

किमचीतलं पाणी चोरून ओतायला मी बादली घेऊन मागच्या दाराने चाललो होतो तर ही ओट्यावर बसून लसूण सोलत होती. "काय आहे हो बादलीत?"

"काही नाही. पाणी."

"लाल?"

"गंजाचं."

"बरं," म्हणाली.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी हिच्यापुढे कबूल केलं. मी म्हटलं, "मालसुन, किमची बिघडली. सगळी. माझ्यामुळे. आता कांगूक म्हणेल, बघा, घरची किमची ही अशी, विकतचीच बरी. ती आता येणार नाहीत. माझ्या हाताने मी पोरांचा रस्ता बंद केला." सत्तरीला टेकलेला माणूस मी, कोबीसाठी रडतोय! कोबीसाठी नव्हे, पण दिसायला तसंच दिसतं.

ही लसूणच सोलत होती. एवढा टोपलाभर लसूण आता कशाला, देव जाणे. वर न बघता म्हणाली, "अगं बाई. सगळीच बिघडली का?"

"सगळीच."

"चः चः."

यापेक्षा तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग माझ्याकडे लसणाचा गड्डा सरकवला. "सोला. हात चालला की डोकं थांबतं." सोलत बसलो.

संध्याकाळी कांगूकचा फोन. मी मान खाली घालून ऐकायला बसलो. तो म्हणाला, "बाबा, काय करायचं आता? काल विकतची आणली. हान्युलने थुंकली. सोदाम म्हणते, आजीची हवी. खरं सांगू, मलाही नाही गेली. आणि वर्षभर घरात किमची नाही म्हणजे कसं व्हायचं? ह्येरिम म्हणते, परत घालू, चाळीसच गड्डे. उद्या संध्याकाळी निघतोय आम्ही. रविवारपर्यंत राहू. आईला काही करू देऊ नका, सगळं मी करतो. आणि बाबा..."

"बोल."

"खारवायचं काम पण मी करतो."

वाईट वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. फोन ठेवला आणि लाल फुलांची विजार दोरीवरून काढून घडी घातली.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

सकाळी उठल्या उठल्या डोक्यात वीज चमकली. कोबी! आपल्या मळ्यात तर एक पान उरलेलं नाही. पोरं संध्याकाळी येणार आणि घरात गड्डा नाही! धावत बोंगकडे गेलो. त्याचाही मळा साफ झालेला.

म्हटलं, "बोंग, वाटेल ते कर, पण मला चाळीस गड्डे दे."

बोंगने गोठ्याकडे बोट दाखवलं. चाळीस गड्डे रचून वर गोणपाट झाकलेलं. "हे काय, ठेवलेत की. वहिनींनी सांगून ठेवलं होतं."

"कधी?"

"गेल्या शनिवारी सकाळी. तुम्ही लोक अंगणात कोबी धूत होतात ना, तेव्हा आल्या होत्या. म्हणाल्या, पुढच्या शुक्रवारसाठी चाळीस बाजूला ठेव, आणि मास्तरांना बोलू नकोस."

मी तिथेच दगडावर बसलो. शनिवारी सकाळी! किमची घालून झालेली नाही, बिघडलेली नाही, कुणाला काही ठाऊक नाही, आणि ही बाई दुसरे गड्डे सांगून मोकळी! म्हणजे तोंडावर 'छान' म्हणायचं आणि मनात माझ्यावर कवडीचा विश्वास नाही. एकेचाळीस वर्षांच्या संसाराचं हे फळ!

तणतणत घरी आलो. हिला चांगलं सुनावलं. म्हटलं, "बिघडणार हे ठाऊक होतं तर तेव्हाच का नाही बोललीस? थोडं मीठ वाढवलं असतं, चार तास थांबलो असतो, काम झालं असतं. आता पुन्हा चाळीस गड्डे, पुन्हा मसाला, पुन्हा तो सगळा गोंधळ! आणि तुझा खांदा? त्याचा काही विचार केलास? तो दुखणार नाही का?"

"दुखू दे," म्हणाली, आणि पोरांची अंथरुणं उन्हात घालायला गेली.